भोग आणि औषध



गुडघे थकले, तेव्हा मी कीर्तनाला उभे राहणे थांबवले. त्याला सहा वर्षे झाली. पण त्या काळातले माझे एक वाक्य अजून मला बोचते. 'भोग भोगूनच सरतात, त्यांना औषध नाही,' असे मी नारदाच्या गादीवरून शेकडो वेळा सांगितले. टाळकरी माना डोलवत. समोर बायकांत आमची सौभाग्यवतीही बसलेली असे.

चार वर्षांपूर्वी तिला अंगावरून रक्त जाऊ लागले. पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली होती. सात महिने तिने कोणाला कळू दिले नाही. शेवटी सुनेला धुण्यात डाग दिसले. तपासणीत गर्भाशयाचा कर्करोग निघाला. 'अगं, बोलली का नाहीस?' असे मी विचारले. ती म्हणाली, 'तुम्हीच सांगत होता ना, भोग असतो म्हणून? आणि असले विटाळाचे दुखणे सांगायचे तरी कोणाला?'

माउली, तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे, चूक सिद्धांताची की सांगणाऱ्याची?

शास्त्राने कर्म तीन प्रकारचे सांगितले आहे: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. मी प्रारब्धावर तासभर बोलत असे आणि क्रियमाण दोन वाक्यांत उरकत असे. दुखणे प्रारब्धाचे मानले, तरी आज डॉक्टरांकडे जाणे हे क्रियमाण आहे, आणि ते आपल्या हातात आहे. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. त्याने दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करू नये. राहिला विटाळ. त्याचा जाब सोयराबाईंनी सहा-सातशे वर्षांपूर्वीच आपल्या अभंगांतून विचारला आहे. ज्या पिशवीने आपल्याला नऊ महिने सांभाळले, तिच्या दुखण्याची लाज कसली?

पिशवी काढली, पुढे किरणोपचार झाले. त्यासाठी मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे उतरतात. गाडगेबाबाही कीर्तनकारच, पण रोग्याला औषधपाणी देणे ही देवाची सेवा, असे ते सांगत. तिथे 'तुम्हालाच का झाले?' असे तिला कोणी विचारले नाही. 'दोन घास जातात का? जिना चढवतो का?' एवढेच विचारत. त्याच दुखण्याची एक बाई भेटली आणि दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या. सकाळी सौभाग्यवती म्हणाली, 'दिंडीत आल्यासारखे वाटते.'

तुम्ही विचाराल, अशा दुखण्यात आशा कशाची धरावी? वारकरी आस पंढरीची धरतो, पण चालतो पुढच्या मुक्कामापर्यंत. आमचा पुढचा मुक्काम म्हणजे पुढची तपासणी. त्यापलीकडचे पांडुरंगाला ठाऊक.

मायबहिणींनो, पाळी गेल्यावर थोडेही रक्त दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा कारण साधेच निघते. कर्करोग निघाला, तरी लवकर सापडल्यास बहुतेक जणी बऱ्या होतात. आणि पुरुषमंडळींनो, घरात आपणहून विचारा. बाई सांगेल याची वाट पाहू नका.

अजून काही रात्री तिला भीती वाटते. पूर्वी ती एकटीच जागी राहत असे. आता मला उठवते. आम्ही दिवा लावतो, थोडा वेळ नाम घेतो. भीती सगळी जाते असे नाही, पण झोप लागते.

रामकृष्णहरी.