भीष्माला पाणी कोण देतं?

माघ शुद्ध अष्टमीला भीष्माचं तर्पण करतात. भीष्म आजन्म ब्रह्मचारी, मागे मूलबाळ नाही. म्हणून त्याच्या कुळातला नसलेला माणूसही त्याला पाणी देतो. नित्य तर्पण संपताना ओलं वस्त्र पिळतात, ते पाणी कुळातल्या निपुत्रिक मृतांचं. गयेला तर जनार्दनाच्या मंदिरात जिवंतपणीच स्वतःचं पिंडदान करता येतं.

मेल्यानंतरची सोय धर्माने इतक्या बारकाईने लावली. पण मरणाआधीची दहा-पंधरा वर्षं?

सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं. शेजारीण रिक्षा करून रुग्णालयात आणते, खिशातून अनामत भरते. मग संमतिपत्र पुढे येतं आणि त्यावर रकाना असतो : ‘रुग्णाशी नाते’. बाई पूर्ण शुद्धीवर आहे, कायद्याला तिची स्वतःची सही पुरेशी आहे. तरी खिडकीतून प्रश्न येतोच, ‘घरचं कोणी नाही का?’

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने अपत्यहीनांचा विचार केला आहे. त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी त्याने अशा नातेवाइकावर टाकली, ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे वारशाने येणार आहे. म्हणजे पुतण्या-भाच्याचं कर्तव्य सातबाऱ्यावरून किंवा फ्लॅटच्या कागदावरून ठरतं. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने कुणाकडे मागायचं? त्याच्यासाठी उरतो वृद्धाश्रम.

हाच प्रश्न बुद्धासमोर फार पूर्वी आला होता. भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकाच्या महावग्गात, तो प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे फिरकत नव्हते. कारण विचारल्यावर म्हणाले, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. बुद्धाने पाणी ओतलं, त्याचा शिष्य आनंद याने त्या भिक्खूला धुतलं. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून बुद्धाने बजावलं : इथे तुम्हाला ना आई, ना बाप, तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ते नुसतं आवाहन नव्हतं. गुरू, शिष्य, सोबती यांपैकी कुणी नसेल तर शुश्रूषा संघाने करायची, न केल्यास दोष लागेल, असा नियमच झाला.

त्याला जोडून आलेला नियम आजही विचार करायला लावतो. भिक्खू वारला की त्याचं पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं. आपला कायदा वारस शोधतो आणि त्याच्यावर सेवा लादतो. विनयपिटकाने सेवा करणाऱ्यालाच वारसासारखा मान दिला. माणुसकीच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक खरी वाटते.

आज ती शेजारीण मृत्युपत्रातून काही मिळवू शकेल, पण हयातीत तिला सहीचा अधिकार देणं अवघड आहे. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं, तरी ते देणाऱ्याचं मन थाऱ्यावर नसेल तर संपुष्टात येतं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला नेमकी तेव्हाच त्या सहीची गरज असते. अशा वेळी पालक नेमून घ्यायला न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथेही पहिला प्रश्न नात्याचाच होतो.