पवनेचं पाणी आणि बोटीचं जेट

भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमध्ये एका मामांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक व्हीएमसी आणि चाकणच्या गाडी-कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांकडून येणारं जॉबवर्क. डिप्लोमा करणारी भाची सुट्टीत तिथे हात काळे करायला यायची. तिला पवनेत रिमोटवर चालणारी तीन फुटी बोट सोडायची होती. नदीच्या मध्यावर जाऊन पाण्याचा नमुना बाटलीत भरून आणायचा, एवढंच तिचं काम. काठावर भरलेली बाटली काठाचंच पाणी सांगते, असं ती म्हणायची, आणि खरंच होतं ते.

अडचण जलपर्णीची होती. उन्हाळ्यात पवनेवर ती अशी माजते की पाणी दिसेनासं होतं. पंख्याची बोट त्यात शिरली की मुळं शाफ्टला गुंडाळली जातात आणि खेळ संपतो. म्हणून जेट. तळाच्या तोंडातून पाणी ओढायचं, नळीतल्या इंपेलरने रेटायचं आणि मागच्या नॉझलमधून जोरात फेकायचं. बोटीखाली लोंबणारं काहीच राहत नाही. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी हेच तंत्र वापरात आणलं. वसईजवळच्या किल्ल्याचं नाव घेऊन जून २०२५ मध्ये नौदलात आलेली ‘अर्नाळा’ ही युद्धनौकासुद्धा वॉटरजेटवरच चालते.

"ताई, मोठंच घे," लेथवरचा ऑपरेटर म्हणाला. "चाळीस एमएमचं जेट आणि तगडी मोटर. मुळं गिळून टाकेल."

भाचीने कागदावर हिशेब मांडला. मोठ्या जेटला मोठी मोटर, तिला मोठी बॅटरी, आणि त्या वजनाने बोट खोल बसणार. म्हणजे जे टाळायला जेट घेतलं, त्याच गुंत्यात बूड घालायचं. तिने २८ मिलिमीटरची दोन जेट घेतली, शेजारीशेजारी. एक तुंबलं तर दुसऱ्यावर बोट परत येते, आणि एकाचा वेग वाढवून दुसऱ्याचा कमी केला की वळतेही. मामांनी कागद पाहिला आणि काही न बोलता मोटर बसवायचं ब्रॅकेट मिलिंगला लावलं.

निवड बरोबर झाली. चुकली ती राखण.

जेटमध्ये काही जाऊच नये म्हणून तिने दोन्ही तोंडांवर स्टीलची बारीक जाळी बसवली. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळच्या घाटावर बोट सोडली. ती निघाली, पण रडतखडत. मोटरचा आवाज चिरका येत होता. जाळीतून पुरेसं पाणीच मिळत नव्हतं, आणि उपाशी इंपेलर बुडबुड्यांत फिरत होता. थोड्या वेळाने बोट थांबलीच. दोरीने ओढून उलटी केली, तर जाळीवर काळ्या मुळांचा जाड थर बसलेला.

"काढून टाक ती जाळी," ऑपरेटर म्हणाला. तिने काढली. बोट सुसाट सुटली, जलपर्णीच्या कडेला पोचली आणि तिथे एक देठ आत ओढला गेला. इंपेलर आणि नळी यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट. देठ त्यात पाचरीसारखा बसला, मोटर अडली, करंट वाढत गेला आणि स्पीड कंट्रोलरमधून धूर निघाला. दुसऱ्या जेटवर बोट कशीबशी काठाला आली.

शनिवारी ती खेडच्या आजीकडे गेली. मळ्यातल्या विहिरीवर आजी पंपाचा फुटव्हॉल्व्ह वर काढून साफ करत होती.

"आजी, याच्या जाळीची भोकं एवढी मोठी का?"

"विहिरीत काय पडतं ते बघून घेतलीत बाई. पाला पडतो, बेडकं असतात. गाळसुद्धा अडवायला निघाले, तर पंपाला पाणी कुठनं मिळायचं?"

मग भाची घाटावर बसून जलपर्णी उपसत राहिली. मला विचाराल तर त्या बोटीचं खरं काम तिथे झालं. पिसासारखी बारीक मुळं बोटात धरली की तुटत होती. ती आत गेली तरी इंपेलर चिरून फेकेल. अडवायला हवेत ते फुगीर देठ आणि मुळांचे जुडगे. तेही आडव्या तारेवर लटकतात, पण पाण्याच्या वाहत्या दिशेने ठेवलेल्या काडीवरून मागे सरकतात.

तिने दोन मिलिमीटरच्या स्टीलच्या सळ्या बोटीच्या लांबीच्या दिशेने लावल्या. पुढून जोडलेल्या, मागची टोकं मोकळी, जे अडकेल ते घसरून निघून जावं म्हणून. टोकं कानशीने गोल केली. नवा कंट्रोलर मोटर उलटीही फिरवणारा घेतला. मोटर क्षणभर उलटी फिरवली की तोंडाशी अडकलेलं बाहेर ढकललं जातं. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज. जेटमधून थोडं पाणी मोटर गार ठेवायला जात होतं. ती नळी सगळ्यात अरुंद, म्हणून तिच्या तोंडाशी मात्र तिने बारीक जाळी ठेवली आणि दर फेरीनंतर ती धुवायची सवय लावून घेतली. शाफ्टला ग्रीस, आणि उथळ वाळूवर जेट चालवायचं नाही, कारण वाळूने नळी घासते, फट वाढते आणि जोर जातो.

पुढच्या खेपेला बाटली भरून आली. सळ्यांमुळे वेग थोडा कमी झाला होता. तो तिने कमीच राहू दिला.

पावसाळ्याआधी चाकणचा एक मुलगा वर्कशॉपमध्ये आला. भामा आसखेड धरणात सोडायला अशीच बोट हवी होती त्याला.

"जलपर्णी आहे का तिथे?" भाचीने विचारलं.

"आम्ही सोडतो तिथे नाही. पाणी खोल आहे, मोकळं आहे. लांब जायचंय, हळू गेली तरी चालेल."

"मग जेट कशाला? कमी वेगात ते बॅटरी खातं. पंखा लाव." आणि शाफ्टचं माप घ्यायला तिने व्हर्नियर उचललं.