टीचरनी सांगितलं म्हणून

दुसरीतल्या मुलाला विचारा, "हा कचरा तू का उचललास?" तो म्हणेल, "टीचरनी सांगितलं म्हणून." मोठ्या माणसांना हे उत्तर आवडत नाही. आपल्याला वाटतं, त्यानं म्हणावं की पृथ्वी वाचवायची आहे, किंवा देवाला आवडतं म्हणून. काही मुलं तसं म्हणतातही, पण तेही बहुतेक वेळा टीचरनीच सांगितलेलं असतं.

इथेच एक जुना प्रश्न उभा राहतो. सांगितलं म्हणून केलेलं चांगलं काम चांगलं असतं का? त्यातून काम कॅथलिक शाळेतलं असेल, 'श्रद्धा कृतीत उतरवा' असं म्हणून मुलांच्या हातात झाडू किंवा रोप दिलं असेल, तर आणखी एक प्रश्न येतो. श्रद्धा नेमकी कोणाची?

रत्नागिरीत हा दुसरा प्रश्न पुस्तकी राहत नाही. या जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे इथल्या कुठल्याही कॉन्व्हेंटच्या वर्गात डोकावलं तर बाकावर शेजारी शेजारी हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलं बसलेली दिसतात, आणि एखाद-दुसरं कॅथलिक. घरी कोणाची आई देवापुढे निरांजन लावते, कोणाचे अब्बा जुम्म्याच्या नमाजाला जातात. या मुलांनी 'आपली श्रद्धा कृतीत उतरवायची' म्हणजे कोणती? राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. म्हणजे धडा सक्तीचा करता येत नाही. पण कचरा उचलणं हा धर्माचा धडा की नागरिकशास्त्राचा? त्याच घटनेत, १९७६च्या दुरुस्तीनं आलेल्या ५१-अ कलमात, निसर्गाचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांवर दया करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा सिस्टर ज्याला देवाची आज्ञा म्हणेल तेच परिसर अभ्यासाचं पुस्तक कर्तव्य म्हणतं. काम एक, कारणं दोन. मला यात अडचण दिसत नाही. उलट दिलासाच वाटतो.

चर्चलाही हे कारण अलीकडेच इतकं स्पष्ट सापडलं आहे, हे विसरू नये. १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकारानं 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहून खळबळ उडवली. त्याचं म्हणणं असं की निसर्गाची जी नासधूस चालली आहे तिची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, कारण सृष्टीवर माणसाची सत्ता आहे असं तो विचार शिकवतो. गंमत म्हणजे व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता, आणि उपाय म्हणून त्यानं असिसीच्या संत फ्रान्सिसकडेच बोट दाखवलं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत घोषित केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं. त्यात उत्पत्तीच्या कथेचा अर्थ नीट लावून दिला आहे: बाग माणसाला मिळाली ती मशागत करायला आणि राखायला, ओरबाडायला नाही.

'राखायला' हा शब्द कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इथे गावाला राखणदार असतो. आंब्याच्या दिवसांत बागेला राखण असते. देवराईतली काठीसुद्धा घरी न्यायची नाही, हे अजून बऱ्याच गावांत पाळलं जातं. राखणारा मालक नसतो, ही समज इथे पोपच्या पत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. कॉन्व्हेंटमधलं पोर बायबलमधली ती गोष्ट ऐकून घरी येतं आणि आजी त्याला राखणदाराची गोष्ट सांगते, तेव्हा त्या पोराला दोन गोष्टी ऐकल्यासारखं वाटत असेल असं मला वाटत नाही.

आता 'सांगितलं म्हणून' याकडे येऊ. ॲरिस्टॉटलचं याबाबतचं म्हणणं फार रोखठोक आहे. माणूस आधी न्यायी होतो आणि मग न्यायाची कामं करतो, असं घडत नाही. कामं करत करत तो न्यायी होतो, जसा घर बांधत बांधत गवंडी होतो. खाडीकाठच्या पोरांना हे पटेल. पोहण्याचा सिद्धांत शिकून कोणी पाण्यात उतरत नाही. काका ढकलतो, नाकातोंडात पाणी जातं, आणि कधीतरी हातपाय आपोआप चालायला लागतात. तेव्हा सात वर्षांच्या मुलाच्या हेतूची चौकशी करणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची सवय घडते आहे. हेतू मागून येईल, किंवा येणारही नाही. पण सवयच नसेल तर हेतूला यायला जागाही नसते.

मात्र एक गोष्ट या सवयीत विष कालवते, ती म्हणजे फोटो. तुम्ही पालकांच्या एखाद्या शालेय ग्रुपवर असाल तर तुम्हाला हे फोटो ओळखीचे आहेत. हातात मोजे, गळ्यात आयकार्ड, एका रोपाला पंचवीस हात लागलेले. मागे बॅनर, आणि बॅनर फ्लेक्सचा, म्हणजे प्लास्टिकचाच. यात मुलांचा काही दोष नाही. पण मूल फार लवकर हेरतं की मोठ्यांचं लक्ष रोपाकडे आहे की कॅमेऱ्याकडे. त्याची सवय मग त्याप्रमाणे घडते. ते रोप लावायला शिकत नाही, रोपाशेजारी उभं राहायला शिकतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्माचा गाजावाजा करणाऱ्यांना चांगलंच सुनावलेलं आहे, आणि कॅथलिक शाळेनं तरी ते विसरू नये. स्टेटस ठेवायचंच असेल तर पुढच्या मे महिन्यात, त्या रोपाला पाणी कोण घालतंय त्याचं ठेवा. उन्हात कातळावर रोप जगवणं म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण फोटोपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मांडवीच्या किनाऱ्यावर भरतीनं जे येऊन पडतं ते या मुलांनी टाकलेलं नसतं. तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे दोर, थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या हे सगळं मोठ्यांच्या धंद्याचं आणि चैनीचं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. मासळी आणायला आपण अजून काय घेऊन जातो ते ज्याचं त्यानं बघावं. मग हा पसारा आवरायला आठ वर्षांच्या मुलांना का पाठवायचं? हॅना आरेंट या विचारवंत बाईनं १९५०च्या दशकात शिक्षणावर एक निबंध लिहिला होता. तिचा मुद्दा असा की मुलांना जगाची ओळख करून देताना त्या जगाची जबाबदारी मोठ्यांनी स्वतः घ्यायची असते. स्वतःला न जमलेली सुधारणा मुलांच्या गळ्यात बांधायची नसते. 'उद्याचं जग तुमच्या हातात आहे' हे वाक्य भाषणात छान वाटतं. आरेंट वाचल्यावर ते जरा पळपुटं वाटायला लागतं.

आणि समजा मुलानं शिकवलेलं खरंच मनावर घेतलं तर? झाडं राखायची, कातळ राखायचा, पाणी राखायचं असं शाळेत शिकलेल्या मुलानं उद्या घरी विचारलं, "बारसूच्या सड्यावर लोक का आडवे पडले होते?" तर? एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलीस उभे राहिले, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्या प्रश्नाला रोजगाराचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. पण पाचवीपर्यंतच्या 'पर्यावरण' या शब्दात बारसू बसत नाही, त्यात फक्त केळीचं साल आणि ओला-सुका कचरा बसतो. लहान मुलांना आंदोलनात ओढावं असं मी म्हणत नाही. त्यांनी विचारलं तर गप्प बसवू नये, एवढंच.

कॅथलिक परंपरेत असं गप्प न बसलेला माणूस मराठीतच होऊन गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईतली शेती, विहिरी, झाडी बिल्डरांच्या आणि टँकरवाल्यांच्या घशात जायला लागली तेव्हा हा धर्मगुरू 'हरित वसई संरक्षण समिती'तून लोकांबरोबर रस्त्यावर उतरला. त्यांनीच मराठीत 'सुबोध बायबल' आणलं, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये गेले. त्यांच्या बाबतीत श्रद्धा आणि कृती असे दोन वेगळे शब्द वापरायची गरज पडत नाही. असाच दुसरा माणूस चर्चशी काहीच संबंध नसलेला: गाडगेबाबा. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन. आधी झाडू, मग शब्द. मुलांना झाडायला लावून स्वतः भाषण केलं, असं बाबांनी केलं नाही.

म्हणून शाळांच्या उपक्रमांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो वनराई बंधारा. फोटोत तो काही खास दिसत नाही. पाऊस संपला की सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि पऱ्याच्या पात्रात एकावर एक रचायची. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतो, कारण पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळतं. बंधारा ते थोडं थोपवतो. आजूबाजूच्या विहिरींना दोन-तीन महिने जास्त पाणी राहतं. लहान मुलांना पोतं उचलत नाही. ती वाळू भरतात, पोत्याचं तोंड धरून ठेवतात. भरलेलं पोतं सर आणि पालक उचलतात. कामाची ही वाटणी मला योग्य वाटते.

ख्रिस्ती धर्मशिक्षणात मुलांना भल्या शोमरोन्याची गोष्ट हमखास सांगतात. ती गोष्ट सुरू होते एका प्रश्नानं: माझा शेजारी कोण? बंधाऱ्यावर या प्रश्नाचं उत्तर भूगोल देतो. ज्या विहिरीला पाणी वाढणार ती कोणाची, त्या घरात कुठला देव पूजतात की नमाज पढतात, हे वाळू भरणाऱ्या मुलाला माहीत नसतं. त्या घरातल्या बाईलाही हे मूल माहीत नसतं. मार्चमध्ये तिचा पोहरा बुडतो, एवढंच.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पोती वाहून जातात. नोव्हेंबरात पुन्हा रिकामी पोती शोधायला बांधकामांवर फिरावं लागतं, आणि तोवर वर्गात नवी मुलं आलेली असतात. ती विचारतात, हे कशाला करायचं?