परक्या अंगणातील व्यापार

परक्याच्या घरी वहाणा कोठे काढाव्यात, हे यजमान ठरवतो. हा शिष्टाचार परदेशी जाणाऱ्या कंपन्यांनाही लागू पडतो काय, आणि पडत असल्यास तो कोठवर पाळावा, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नसून नीतीचाही आहे.

वॉलमार्ट ही अमेरिकन कंपनी १९९७ साली जर्मनीत उतरली, ती आपल्या घरच्या रीती घेऊनच. दाराशी उभे राहून गिऱ्हाइकाचे हसतमुखाने स्वागत करणे, ही अमेरिकेत आपुलकी ठरते. अनेक जर्मनांना ती अनाहूत सलगी वाटली. कर्मचाऱ्यांच्या आपापसांतील प्रेमसंबंधांवर बंधने घालणारी आचारसंहिताही तिने तेथे नेली. ड्युसेलडॉर्फच्या श्रम न्यायालयाने २००५ साली ते बंधन मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरविले. २००६ साली कंपनीने आपली ८५ दुकाने मेट्रो या जर्मन कंपनीला विकून काढता पाय घेतला. आल्डीसारख्या स्वस्त दुकानांची स्पर्धाही या अपयशास कारणीभूत होती, हे खरे. परंतु यजमानाची रीत न जाणण्याची किंमतही तिला मोजावी लागली.

याउलट मॅकडॉनल्ड्सने १९९६ साली दिल्लीत पहिले दुकान उघडले, तेव्हा ज्या गोमांसावर तिचा जगभरचा नावलौकिक उभा होता, तेच वर्ज्य केले. डुकराचे मांसही टाळले. हा आदर की नफ्याचा हिशेब? बहुधा दोन्ही. हिशेबातून आलेले सौजन्यही शेजाऱ्याचे मन दुखवीत नाही, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मात्र जुळवून घेण्यालाही मर्यादा हवी. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने सौदी अरेबियासाठी काढलेल्या सूचिपत्रातील चित्रांतून स्त्रिया पुसून टाकल्याचे २०१२ साली उघडकीस आले. स्वीडनमध्ये टीकेची झोड उठली आणि कंपनीने खेद व्यक्त केला.

या दोन तडजोडींतील भेद आम्हांस मूलभूत वाटतो. पहिलीत ताटातला पदार्थ बदलला. कोणाचे काही हिरावले गेले नाही. दुसरीत माणूसच चित्राबाहेर गेला. तेव्हा खाणेपिणे, बोलणेचालणे, पेहराव यांत यजमानाची रीत खुशाल मानावी. परंतु जी रीत एखाद्याचे माणूसपणच नाकारते, तिच्यापुढे मान तुकवणे हा आदर नव्हे, तो सौदा होय.

आपल्या घरांतील कित्येक मुले-मुली आज अशा कंपन्यांत नोकरी करतात. उद्या निर्णयाची लेखणी त्यांच्या हाती येईल. बाजारपेठ किती मोठी, हे त्यांना आकडे सांगतीलच. तेथे शिरण्यासाठी कोणाला पुसावे लागणार आहे, हे मात्र त्यांनी स्वतःच विचारले पाहिजे.