शिट्टी, आल्टरनेटर आणि उपाधी

इंजिन सुरू होताच मोटारीच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी उमटावी, ॲक्सिलरेटर दाबताच तिची पट्टी चढावी आणि इंजिन बंद पडताच ती थांबावी, एवढ्यावरून दोष आल्टरनेटरचा, असा निर्णय सर्रास दिला जातो. कारण असताना कार्य असणे, म्हणजे अन्वय, आणि कारण नसताना कार्य नसणे, म्हणजे व्यतिरेक, ही दोन्ही लक्षणे येथे जुळतात; तरीही आल्टरनेटर बदलून शिट्टी बहुधा जात नाही, आणि ती का जात नाही हा प्रश्न गॅरेजइतकाच न्यायशास्त्राचाही आहे.

यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेला आणि १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघालेला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्रावरील ग्रंथ उपाधीचा विचार करतो. साध्यासोबत (जे सिद्ध करायचे त्यासोबत) सर्वत्र असणारी, परंतु साधनासोबत (ज्यावरून ते सिद्ध करायचे त्यासोबत) सर्वत्र नसणारी अट म्हणजे उपाधी. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी कोसळते, कारण धुरासाठी ओले सरपण लागते. आल्टरनेटर चालू असूनही ज्यांच्या स्पीकरमधून शिट्टी येत नाही, अशा असंख्य मोटारी म्हणजे हेच लोखंडाचे गोळे होत.

आल्टरनेटरमधील प्रत्यावर्ती प्रवाह डायोडांतून एकदिश होताना त्यात किंचित तरंग उरतो आणि त्याची वारंवारता इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते. हेड युनिटचे अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचे डिकीतल्या रंगवलेल्या पत्र्यावर असेल, तर दोन्ही ठिकाणांच्या विद्युतदाबात फरक पडतो, काही प्रवाह या दोहोंमध्ये सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाह्य आवरणातून वाहतो आणि तरंग संगीतात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. वाशी ते बेलापूर या खाडीकाठच्या पट्ट्यात दमट, खारट हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने अर्थिंगचा बोल्ट गंजला, तर हा फरक वाढतो. मात्र काटेकोर नैयायिक गंजलेल्या बोल्टलाही उपाधी मानणार नाही, कारण वीजपुरवठ्याची तार सिग्नलच्या तारेला लगटून नेली तरीही शिट्टी येऊ शकते. खरी उपाधी म्हणजे तरंगाला संगीतापर्यंत पोहोचवणारी वाट, मग ती कोणतीही असो.

ती वाट शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. आवाजाचे बटण शून्यावर नेऊनही शिट्टी तशीच राहिली, तर तिचा उगम त्या बटणाच्या पुढे असतो. ॲम्प्लिफायरचे आरसीए प्लग काढताच ती थांबली, तर ती केबलवाटे येते, आणि न थांबल्यास ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासावे लागते. याउलट, नवी केबल, नवे अर्थिंग आणि फिल्टर एकदम बसवणाऱ्याला शांतता लाभते, ज्ञान लाभत नाही. रंग खरवडून, उघड्या धातूवर बोल्ट आवळल्यावर शिट्टी गेली, तरी तोच बोल्ट सैल करून ती परत येते का हे पाहिल्याखेरीज निदान सिद्ध झाले असे न्यायशास्त्राच्या कसोटीने म्हणता येत नाही.