डार्विन, कुराण आणि आंबोलीचा बेडूक

मालवणातल्या कुठल्याही मासेमाराच्या पोराला किड्याचा फोटो दाखवा. पोटाखालून गरीचे टोक बाहेर आलेले दिसले, की हा किडा नव्हे, मासा गरवायचे आमिष आहे, हे तो क्षणात सांगेल. अदनान ओक्तार यांनी ‘हारून याह्या’ या नावाने लिहिलेल्या ‘ॲटलस ऑफ क्रिएशन’ या आठशे पानी ग्रंथात मात्र असे आमिष जिवंत किडा म्हणून छापले गेले. २००७च्या सुमारास तुर्कस्तानातून हा ग्रंथ युरोप-अमेरिकेतल्या शाळांना आणि शास्त्रज्ञांना फुकट पाठवण्यात आला. जीवाश्म आणि आजचा प्राणी शेजारी ठेवायचे आणि ‘बघा, काहीच बदलले नाही’ म्हणायचे, हा त्याचा खाक्या. उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी गरी दाखवून त्याचे हसे केले.

पण त्यावरून ‘मुसलमानांना डार्विन पटत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ईश्वराने सजीव आहेत तसेच घडवले असे मानणाऱ्या तुर्की सृष्टिवाद्यांचा बराचसा दारूगोळा अमेरिकेतल्या ख्रिस्ती सृष्टिवाद्यांकडून उसना आलेला आहे. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची, की तिच्यामागे बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे, हा ‘इंटेलिजंट डिझाइन’चा युक्तिवादही तिथलाच. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात न्यायालयाने तो विज्ञान नसल्याचा निकाल दिला.

मुस्लिम परंपरेत याहून मोकळी वाट होती. नवव्या शतकात बसऱ्याचा लेखक अल-जाहिझ याने ‘किताब अल-हयवान’मध्ये प्राण्यांची एकमेकांवर चाललेली गुजराण आणि परिसराचा त्यांच्यावर होणारा परिणाम नोंदवला. चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दूनने खनिजांपासून वनस्पती, प्राणी, माकड आणि माणूस अशी चढती साखळी मांडली. डार्विनची नैसर्गिक निवड त्यात नाही, म्हणून ‘डार्विन आमच्याकडे आधीच होता’ ही फुशारकी पोकळ आहे. पण असा विचार केल्याने ईमान बुडते, असे त्यांना वाटले नाही, हे महत्त्वाचे.

वाद आपल्या दख्खनच्या दारातही झाला. मुस्लिम विचारवंत जमालुद्दीन अफगाणी यांनी १८८१च्या सुमारास हैदराबादेत फारसीत पुस्तिका लिहून सर सय्यद अहमद खानांच्या ‘नेचरी’, म्हणजे निसर्गनियम प्रमाण मानणाऱ्या, अनुयायांना झोडपले आणि डार्विनची टर उडवली. १९३०च्या आपल्या व्याख्यानसंग्रहात कवी-विचारवंत मुहम्मद इक्बाल यांनी मात्र उत्क्रांतीच्या विचाराचे मूळ म्हणून जाहिझचाच हवाला दिला. आज बहुतेक पेच पहिला माणूस मानल्या गेलेल्या आदमपाशी येऊन थांबतो. झाडे-प्राणी उत्क्रांत झाले हे अनेकांना मान्य असते, माणूस तेवढा वगळायचा असतो. जॉर्डनच्या जीवशास्त्रज्ञ राना दजानी श्रद्धाळू मुस्लिम असूनही माणसासकट उत्क्रांती शिकवतात. उलट मुंबईचे धर्मप्रचारक झाकिर नाईक ‘तो नुसता सिद्धांत’ म्हणून ती उडवून लावत आले.

उत्क्रांती नाकारण्याचा हा आजार एकाच धर्माचा नाही. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा ठरवला, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही! तुर्कस्तानने २०१७मध्ये नववीच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळली आणि २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातूनही ती गेली. दोन धर्मांचे राजकारण एकाच कात्रीने कापते.

उत्क्रांतीच्या खुणा पाहायच्याच असतील तर आंबोलीला जावे. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या उथळ पाण्यात, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा बेडूक अंडी घालतो. हा ‘आंबोली टोड’ २००९मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. त्याच्या प्रजातीत आणखी एकच भाऊबंद आहे, तो कोयनेच्या परिसरात. एकाच पूर्वजाचे वंशज सह्याद्रीत दुरावले आणि वेगळे झाले, हे उत्तर पुढचे प्रश्न जन्माला घालते. ‘कर्त्याने तसेच घडवले’ या उत्तराने श्रद्धेला समाधान मिळेल, पण संशोधन तिथेच थांबते.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, आणि हे पुस्तक बालभारती उर्दूतही काढते. शिक्षकांनो, तो धडा ‘परीक्षेपुरता’ उरकू नका. सावंतवाडी-बांद्याच्या मुलामुलींना, नमाज पढणाऱ्या आणि आरती करणाऱ्या दोघांनाही, एका पावसाळ्यात त्या सड्यावर घेऊन जा.