यमक आणि सत्य

कवितेचा अर्थ बुद्धीला उमगण्यापूर्वीच तिची लय मनात शिरते. मूल शब्दांचा अर्थ समजण्याआधी अंगाईच्या नादाने शांत होते. हे नादाचे सामर्थ्य होय. पण त्यातूनच एक नैतिक प्रश्न उद्भवतो. बुद्धीने संमती देण्याआधीच हृदय जिंकून घेणारा नाद सत्याची सेवा करतो, की सत्याची जागाच बळकावतो?

हा प्रश्न संत ऑगस्टीन यांना छळीत होता. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ते लिहितात की, गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, तर ते आपल्याला पाप वाटते. तरीही मंदिरातील गायनाला त्यांचा कल अनुकूलच राहिला; कारण कानाच्या आनंदातून दुर्बल मनही भक्तीकडे वळू शकते. त्यांनी नादाला हद्दपार केले नाही, त्याच्यावर पहारा मात्र बसविला.

हा पहारा का हवा, हे एका लहानशा उदाहरणाने कळेल. ‘उंच ज्याचे घर, त्याचा शब्द वर’ ही ओळ मी आत्ताच जुळविली आहे. ऐकताच ती जुनी म्हण वाटते. हेच विधान यमकावाचून मांडून पाहा: ज्याची इमारत मोठी, त्याचे म्हणणे श्रेष्ठ. लगेच आपण म्हणू, ‘हे कोणी ठरविले?’ अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसून आले. यमक असलेली सुभाषिते, त्याच अर्थाच्या यमकहीन वाक्यांपेक्षा लोकांना अधिक खरी वाटली. मात्र नाद आणि अर्थ वेगळे ठेवून पाहण्यास सांगताच हा प्रभाव ओसरला. जाहिरात आणि निवडणुकीची घोषणा यमक-अनुप्रासांवर का जगतात, हे यावरून ध्यानी यावे. असत्यालाही यमक तितक्याच सहजतेने जुळते.

मग कवीने नाद टाकून द्यावा काय? तसे केल्यास हानी आपलीच होईल. पवित्र शास्त्रातील स्तोत्रे पाहा. त्यांचा आधार अंत्य यमकावर नाही. एका ओळीतला विचार दुसरी ओळ निराळ्या शब्दांत पुन्हा मांडते, उलटवते किंवा पुढे नेते. रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या समांतर रचनेचे विवेचन केले. हे जणू विचाराचेच यमक. म्हणूनच ते मराठीत आणले तरी पुष्कळसे टिकते. ११९ व्या स्तोत्राची तर हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे २२ कडवी, आणि प्रत्येक कडव्यात आठ ओळी. एवढे कठोर बंधन स्मरणाला हात देते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनीही हेच जाणले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी आपल्या देशाचे वृत्त आणले नाही. येथील श्रोत्यांच्या कानाला परिचित अशी मराठी ओवी स्वीकारली. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. रूपाची ही निवड केवळ अलंकरण नव्हे, तो श्रोत्याविषयीचा आदर आहे. ज्याला ग्रंथ विकत घेता येत नाही, त्याच्याही ओठी तो राहावा, अशी सोय ओवीत असते.

तेव्हा कसोटी अशी लावावी. गीत निवडताना, मुलांना कविता पाठ करविताना, ती एकदा सावकाश गद्यासारखी वाचावी. यमक काढताच काहीच उरत नसेल, तर तिथे नादाने अर्थाचे सोंग घेतले होते. अर्थ उरला, पण काही हरवल्यासारखे वाटले, तर नाद प्रामाणिकपणे सेवा करीत होता. चांगल्या कवितेत ते हरवलेलेही अर्थाचाच भाग असते. म्हणून परीक्षा झाल्यावर ती पुन्हा मोठ्याने म्हणावी.

ओवीची घडणच या विवेकाचा धडा देते. पहिल्या तीन चरणांना यमक असते. चौथा बहुधा आखूड आणि यमकावाचून मोकळा. कान चौथ्या यमकाची वाट पाहतो आणि ते येत नाही. त्या क्षणभराच्या थांब्यात नाद मागे सरतो आणि श्रोत्याला विचार करण्यास जागा मिळते.